खालच्या माळ्यावरचा आजार

१

"बाई, तुमच्या कागदातून औषधं गळतायत. भोक पडलेल्या बादलीसारखी. कुणीतरी बघा जरा."

वरच्या वॉर्डातून मोठ्या सिस्टरांचा हा फोन आला तेव्हा धाकटीच्या एका कानाला रिसीव्हर होता आणि डोळे मोबाइलवर. मोबाइलवर पाळणाघरातून फोटो आला होता. तिची चिमणी पहिल्यांदाच न रडता झोपली होती, मूठ गालाखाली घेऊन. धाकटी तो फोटो मोठा करून चिमणीची छाती वरखाली होतेय का ते बघत होती. फोटोत छाती वरखाली होत नसते हे तिला कळत होतं, तरी बघत होती.

"सिस्टर, आमच्याकडे औषधं येतच नाहीत," ती म्हणाली. "नुसते आकडे येतात. गळले तर आकडे गळतील."

खोलीतल्या बाया खुदकन हसल्या.

"हसा," पलीकडून आवाज आला. "परवा एका थायरॉइडवाल्याची गोळी छापील शीटवर नव्हती. त्याने स्वतः मागितली म्हणून कळलं. प्रत्येक जण मागेलच असं नाही." आणि फोन आपटला गेला.

धाकटीने ते कानामागे टाकलं. मोठ्या सिस्टर फटकळ म्हणून सगळ्या इमारतीत प्रसिद्ध होत्या. लिफ्ट उशिरा आली तर त्या लिफ्टलाही बोलायच्या. त्या दिवशी ती उठून वर गेली असती आणि "कोणता थायरॉइडवाला?" एवढं जरी विचारलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मग पाळणाघराच्या मावशी गेल्या.

पित्ताशयातल्या खड्यांचं साधं ऑपरेशन. "साधं ऑपरेशन म्हणजे दुसऱ्याचं ऑपरेशन," असं मावशीच भरती व्हायच्या आदल्या दिवशी हसत म्हणाल्या होत्या, चिमणीला खांद्यावर थोपटत. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग गुंगी आली, मग ब्लडप्रेशर घसरलं ते सावरलंच नाही. सलाइन चढवलं, कुठे रक्तस्राव होतोय का बघितलं, कुठे पू झालाय का शोधलं. सगळे साप म्हणून भुई धोपटत राहिले. तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या.

धाकटी ज्या दवाखान्यात कामाला होती, त्याच दवाखान्यात. चार मजले खाली बसून ती दुसऱ्यांचे आजार मोजत होती तेव्हा.

आठवडा गेला. लिफ्टपाशी मोठ्या सिस्टरांनी तिचा दंड धरला. फटकळ बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शनिवारी माझी चौकशी आहे," सिस्टर म्हणाल्या. "म्हणे शीटवर आजार लिहिलेला होता, रोजची गोळी लिहिलेली होती, आणि मी दिली नाही. दोषी ठरले तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. परत कुठल्याच वॉर्डात उभं करणार नाहीत मला."

"आणि होतं का लिहिलेलं?"

"नव्हतं. माझ्या आईची शपथ, नव्हतं. आणि आता आहे."

२

पेशंट घरी गेला, किंवा गेलाच, की त्याची फाइल धाकटीच्या खोलीत येत असे. प्रत्येक आजाराला जगभर ठरलेला एक आकडा असतो. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, आजार ओळखायचा, त्याचा आकडा शोधून लिहायचा. सगळा दवाखाना या खोलीला 'आकडेवाल्यांची खोली' म्हणायचा. लांबट, बिनखिडक्यांची, सात टेबलांची खोली. सातव्या टेबलाशी ताई.

ताई म्हणजे खोलीची प्रमुख. पाठीमागे सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण त्यात माया जास्त होती. धाकटी बाळंतपणानंतर कामावर परतली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या, ताईंनी त्यांना सुनावलं होतं, "पोर झालंय, डोकं गेलेलं नाही." खोलीच्या कोपऱ्यात धाकटीला दूध काढायला पडदाही ताईंनीच लावून घेतला होता.

"मावशींची फाइल बघू का?" धाकटीने विचारलं.

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, तुझी ओळखीची बाई. तुला त्रास नको म्हणून मीच केली ती. झालंय तिचं सगळं."

"तरी बघते."

"बघ की," ताई म्हणाल्या आणि कपाटातून फाइल काढून तिच्या हातात दिली. देताना तिच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला.

पहिलंच पान छोट्या डॉक्टरांच्या हातचं. भरती करताना त्यांनी लिहिलेलं. अक्षर मुंग्या मेल्यासारखं, पण धाकटीची त्यात हयात गेली होती. 'पित्ताशयात खडे. सेकंडरी अ‍ॅड्रिनल इन्सफिशियन्सी. स्टेरॉइडची गोळी रोज. बंद करू नये.'

अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. ताणाच्या वेळी, आजारपणात, ऑपरेशनात शरीराला उभं धरणारा रस त्या तयार करतात. मावशींच्या शरीरात तो तयारच होत नव्हता. रोजच्या गोळीवर त्या उभ्या होत्या, आणि ऑपरेशनच्या वेळी तर नेहमीपेक्षा जास्त औषध द्यायला हवं होतं. तिथे नेहमीचंही बंद झालं. उलट्या, गुंगी, घसरलेलं ब्लडप्रेशर, सगळ्याचा अर्थ धाकटीला एका ओळीत लागला.

दुसरा कागद छापील शीट. हाताचा कागद भरतीच्या काउंटरवर टाइप होतो, त्याची छापील शीट वॉर्डात जाते, आणि वॉर्डातले सगळे, भूल देणारे डॉक्टरसुद्धा, तीच वाचतात. मुंग्या वाचायला कुणाला वेळ असतो?

शीटवर तीन ओळी होत्या. पित्ताशयातले खडे. त्याखाली, पिट्यूटरी ग्रंथी नीट काम करत नाही, मेंदूच्या तळाच्या जुन्या ऑपरेशननंतर. त्याखाली, त्यामुळे झालेली अ‍ॅड्रिनलची कमतरता, रोज गोळी. फाइलच्या शेवटी त्या जुन्या ऑपरेशनच्या कागदांची झेरॉक्सही होती. सगळं जागच्या जागी. एक काना-मात्रा चुकली नव्हती.

पांढऱ्यावर काळं म्हणतात तसं लख्ख, एकाच पानावर. आंधळ्यालाही दिसलं असतं.

म्हणजे मोठ्या सिस्टरांनी आईची शपथ खोटी घेतली होती?

३

"मला वाचता येतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या घरीच होत्या, खुर्चीत, हात मांडीवर. कामाशिवाय बसायची सवय नसलेल्या माणसाचे हात असतात तसे ते हात अवघडून पडले होते. "एकच ओळ होती. पित्ताशयातले खडे. पुढे सगळं कोरं."

"मावशींनी गोळी मागितली नाही?"

सिस्टरांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंफले. मग म्हणाल्या, "मागितली. ऑपरेशनच्या सकाळी. मी शीट बघितली, नव्हती. मोठ्या सर्जनच्या हाताखालच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, 'उपाशी ठेवलंय ना? मग कुठलीच गोळी नको.' मी म्हटलं ठीक. त्यांच्या जवळची गोळ्यांची पाकिटं नियमाप्रमाणे लेकीकडे दिली."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी त्या मागण्याच्या स्थितीत नव्हत्या."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. धाकटीने सवयीने मान वळवली आणि मग आपलं नाही हे कळून पुन्हा सिस्टरांकडे बघितलं.

"मी गाफील राहिले," सिस्टर म्हणाल्या. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. त्याची शिक्षा द्या मला, घेईन. पण लिहिलेलं असून दिलं नाही, हे मी ऐकून घेणार नाही. ते खोटं आहे."

"शीटला दुसरं पान असायचं ना, ते बघितलं होतं तुम्ही?"

"कसलं दुसरं पान?" सिस्टर कडवट हसल्या. "ते बंद झालं की. कागद वाचवा, झाडं वाचवा. साहेबांची मोहीम. वर्षभर झालं, वॉर्डात पहिलंच पान येतं. झाडं वाचली असतील बहुतेक."

धाकटी दारापर्यंत गेली आणि थबकली. खोटं बोलणारी बाई आपली चूक आधी सांगत नाही. पण मग त्या तीन ओळी कुठून उगवल्या?

४

छोटे डॉक्टर जिन्यात उभ्याउभ्या बिस्किटं खात होते. वयाने धाकटीपेक्षा लहान, पण डोळ्यांखाली चाळिशीचे खळगे.

"मॅडम, मी लिहिलं होतं. स्वच्छ लिहिलं होतं. माझा विषय संपला."

"स्वच्छ हा शब्द जरा जास्तच झाला," धाकटी म्हणाली. त्यांना हसू आलं आणि ते जरा सैल झाले. "मला एवढंच सांगा, त्यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?"

"जुनं दुखणं आहे, रोज गोळी लागते. पर्समधून एक चिठ्ठी काढली, घडीवर फाटलेली. त्यावर एवढंच, सेकंडरी अ‍ॅड्रिनल इन्सफिशियन्सी, आणि गोळीचं नाव. तेच उतरवलं."

"कशामुळे झालंय, ते?"

"त्यांना नीट सांगता येईना. म्हणाल्या, 'लेकीला माहीत असेल, ती संध्याकाळी येईल.' मागे रांग होती, मॅडम. मी म्हटलं, 'मी लिहिलंय मावशी, आता तुम्ही काळजी करू नका.'" त्यांनी उरलेलं बिस्किट पुड्यात परत ठेवलं. "भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, काही आजार आहे का. तर त्या म्हणाल्या, 'सगळं लिहून दिलंय.'"

माणसं लिहिलेल्यावर किती विश्वास ठेवतात, धाकटीच्या मनात आलं. जणू लिहिलं की झालं.

तिथून ती भरतीच्या काउंटरवर गेली. तिथला टाइपिस्ट बुलेट नावाने ओळखला जाई. बोटं अशी चालायची की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं छापून व्हायचं. दोन मुलांचा बाप, केसांना मेंदी लावणारा, तोंडाळ.

"काय मॅडम, आज खालचं पाताळ सोडून वर?"

"मावशींची शीट तू टाइप केलीस?"

बुलेटचा चेहरा उतरला. "केली. पण नियमाने केली. माझ्याकडे बोट दाखवायचं काम नाही."

"कसला नियम?"

"घ्या! तुमच्याच मास्तरीणबाईंनी शिकवलेला. काउंटरवरच्या सगळ्यांना बसवून पाठ करून घेतला." त्याने शाळेतल्या पोरासारखं हात मागे बांधून म्हणून दाखवलं, "'प्रायमरी वरच्या माळ्यावर, सेकंडरी खालच्या माळ्यावर.' म्हणजे मुख्य आजार पहिल्या पानावर, सोबतचे किरकोळ दुसऱ्या. आम्ही काय डॉक्टर आहोत का, मॅडम? शब्द बघायचा आणि माळा ठरवायचा."

धाकटीने काउंटरची कड घट्ट धरली.

"म्हणजे कागदावर 'सेकंडरी' असा शब्द दिसला की तू..."

"खाली ढकलतो. दुसऱ्या पानावर. काय चुकलं?"

५

काय चुकलं ते घरी जाताना पायाखालच्या प्रत्येक फरशीगणिक तिला उमगत गेलं.

डॉक्टरांच्या तोंडी 'सेकंडरी' म्हणजे दुसऱ्यामुळे झालेलं. मूळ दुखणं एका ग्रंथीत, भोगते दुसरी. आकडेवाल्यांच्या खोलीत 'सेकंडरी' म्हणजे दुसऱ्या नंबरचं. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधे मावशी. जीव टांगलेला होता तोच आजार किरकोळ म्हणून खालच्या माळ्यावर गेला, आणि खालचा माळा वॉर्डात जातच नव्हता.

तो थायरॉइडवालासुद्धा! तिने दुसऱ्याच दिवशी त्याची फाइल काढून बघितली. 'सेकंडरी हायपोथायरॉइड.' त्याचीही गोळी त्याच वाटेने गेली होती. सिस्टरांची बादली खरंच गळकी होती.

म्हणजे सिस्टर खरं बोलत होत्या. वॉर्डात गेलेल्या शीटवर एकच ओळ होती. मग फाइलमधली तीन ओळींची शीट नंतर कुणीतरी घुसवली होती. बुलेटने? स्वतःची कातडी वाचवायला? पण आपलं काही चुकलं हेच ज्याला माहीत नाही, तो लपवील कशाला? छोट्या डॉक्टरांनी? त्यांचा कागद तर त्यांच्याच बाजूने बोलत होता. मॅनेजरसाहेबांनी? त्यांना पिट्यूटरी म्हणजे औषधाची कंपनी वाटली असती.

शुक्रवारी सकाळी ती चिमणीला कडेवर घेऊन पाळणाघरात गेली. चिमणीची दुलई आणायची राहिली होती. मावशींची लेक एकटीच भिंतीवरची चित्रं उतरवत होती. हत्ती, ससा, अर्धवट रंगवलेलं कासव. चिमणीने आत शिरताच दोन्ही हात पुढे केले आणि आतल्या खोलीकडे बघत राहिली, जिथून मावशी यायच्या.

"चिमणीची आई, बसा ना," लेक म्हणाली. मग तिचा बांध फुटला. "मी संध्याकाळी गेले तेव्हा आईने विचारलं होतं, तुझ्याकडे माझे ते जुने कागद आहेत का. मी म्हटलं, बघते गं, ट्रंकेत असतील. ऑफिस, घर, राहूनच गेलं. सापडले ते ती गेल्यावर."

"कसले कागद?"

"मी शाळेत असताना तिच्या मेंदूच्या तळाशी गाठ झाली होती. वाटाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे तिथे. त्याचं ऑपरेशन. ती कुणाला सांगायची नाही, लोक मुलं पाठवणार नाहीत म्हणून. मग मीच ते कागद दवाखान्यात नेऊन दिले. म्हटलं निदान आता तरी कुणीतरी नीट लिहा, ती कशाने गेली."

"कुणाला दिलेत?"

"तुमच्याच खोलीतल्या बाईंना. चष्मेवाल्या. फार चांगल्या आहेत हो. माझ्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी, झेरॉक्स काढून घेतली आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या."

धाकटीने चिमणीला एवढं घट्ट धरलं की ती किंचाळली.

६

"ताई, तुम्ही ती शीट का बदललीत?"

खोलीत कुणी नव्हतं. बाया जेवायला गेल्या होत्या. ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. म्हणाल्या, "कशावरून?"

"भरतीच्या दिवशी पिट्यूटरीचं कुणालाच माहीत नव्हतं. छोट्या डॉक्टरांनाही नाही. ते कागद मावशी गेल्यावर आले. मग भरतीच्या शीटवर पिट्यूटरी आलीच कशी?"

ताईंनी डोळे मिटले.

"आणि नुसती आली नाही," धाकटी म्हणाली. "आधी पिट्यूटरी, मग अ‍ॅड्रिनल. आधी कारण, मग परिणाम. बुलेटला नाही जमणार ते. डॉक्टरांनाही नाही. ते फक्त आपल्या खोलीत जमतं. तुम्हीच हातावर पट्टी मारल्यासारखं शिकवलंय ते आम्हाला."

"सवयीने हात गेला गं," ताई म्हणाल्या. आणि खरंच हसल्या, अगदी थकलेलं हसू. "नुसती अ‍ॅड्रिनलची ओळ वर घेतली असती तरी भागलं असतं. पण कागद समोर होते. अर्धवट लिहायला जीव होईना. बघ, आयुष्यभर नीट काम केल्याचं फळ. खोटंसुद्धा नीट केलं."

"सिस्टरांचं रजिस्ट्रेशन जाईल, ताई."

"माहीत आहे."

"तरी?"

"तू ये इथे, बस." ताईंनी शेजारची खुर्ची ओढली. धाकटी बसली नाही. "साहेब ही खोली बंद करायला टपलेत. बाहेरच्या कंपनीला काम द्यायचं ठरतंय. त्यांना फक्त निमित्त हवंय. मी शिकवलेल्या वाक्याने एक बाई मेली हे कळलं की सोमवारी कुलूप. सात जणी. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, एक एकटी दोन पोरं वाढवतेय. सिस्टर हुशार आहे, फटकळ आहे, कुठेही उभी राहील. या कुठे जातील? तू कुठे जाशील?"

"माझं नाव मधे घालू नका."

"का नको? त्या पडद्यामागे बसून तू कुणाच्या जिवावर पोर वाढवलंस? तुझ्यासाठी भांडले तेव्हा बरं वाटलं. आता तुझ्यासाठीच पाप केलं तर हात झटकतेस?"

धाकटीला वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. कारण ते खोटं नव्हतं. ताईंनी तिला सावलीत घेतलं होतं, आणि आता त्या सावलीचं भाडं मागत होत्या.

"मावशींच्या मांडीवर माझी मुलगी झोपायची," ती कशीबशी म्हणाली.

"मावशी गेल्या होत्या गं. मी केलं तेव्हा त्या गेलेल्याच होत्या. मेलेल्या बाईचं मी काय बिघडवलं?"

"सिस्टर जिवंत आहेत. आणि काउंटरवर बुलेट आत्ता, या मिनिटाला, कुणाचा तरी आजार खाली ढकलतोय. तुम्हाला ठाऊक असून तुम्ही त्याला थांबवलं नाहीत. थांबवलं असतंत तर का म्हणून विचारलं असतं त्याने. म्हणून नाही."

दारात बायांचे डबे वाजले. ताईंनी हळूच, नेहमीच्या मायेने म्हटलं, "उद्या काय करायचं ते तू ठरव. मी तुझं नाव घेणार नाही. पण घरी पाळण्यापाशी बसून ठरव."

७

ती घरी पाळण्यापाशी बसली. चिमणीचा श्वास ऐकला. सासूबाई म्हणाल्या, "नोकरीचं काही आहे का?" ती म्हणाली, "आहे." "जाणार?" "बहुतेक." सासूबाईंनी दुलईची कड नीट केली आणि एवढंच म्हणाल्या, "मग पोटभर जेवून जा उद्या."

शनिवारी बैठकीच्या खोलीत एसी इतका गार होता की सिस्टरांनी अंगावर शाल घेतली होती. मॅनेजरसाहेबांनी शीट उंच धरली. "स्पष्ट लिहिलेलं आहे. दुर्लक्ष झालेलं आहे. यात आणखी चर्चा ती काय?"

"साहेब," धाकटी उभी राहिली, "त्या कागदाला जे माहीत आहे ते त्या दिवशी या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं."

तिने सगळं सांगितलं. अडखळत, दोनदा पाणी पीत, पण सगळं. पिट्यूटरीचे कागद कधी आले, लेकीने कुणाकडे दिले, 'सेकंडरी' या एका शब्दाने काय केलं, दुसरं पान वॉर्डात का गेलं नाही. छोट्या डॉक्टरांकडे सगळ्यांनी बघितलं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "बरोबर आहे. मला कारण माहीत नव्हतं. मी विचारलं नाही."

साहेब ताईंकडे वळले. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी आहे," ताई म्हणाल्या. बस, तेवढंच.

न्याय झाला का? झाला म्हणायचा. सिस्टरांवरचा आरोप मागे घेतला गेला. माफी कुणी मागितली नाही. उलट साहेब म्हणाले, पुढच्या वेळी शंका आली तर लेखी कळवत जा. सिस्टरांनी राजीनामा लिहून त्यांच्यापुढे ठेवला. "हे लेखी," म्हणाल्या. जाताना धाकटीसमोर थांबल्या. धाकटीला वाटलं, जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "मी फोन केला होता तुम्हाला," आणि निघून गेल्या.

अहवालात मावशींच्या मृत्यूचं कारण 'नोंदीतील त्रुटी' असं आलं. जणू मावशींना कुणी मारलं नाही, त्या नीट लिहिल्या गेल्या नाहीत एवढंच. कागद वाचवायच्या मोहिमेबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं, कारण अहवाल साहेबांनी लिहिला होता. ताईंना त्याच दिवशी घरी पाठवलं. महिना उलटायच्या आत आकडेवाल्यांच्या खोलीला कुलूप लागलं. बाकीच्या बायांपैकी दोघी धाकटीशी आजही बोलत नाहीत. एक रस्त्यात दिसली की पलीकडच्या फुटपाथला जाते. तिचाच नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. धाकटी तिला दोष देत नाही.

शेवटच्या दिवशी सामान घेऊन बाहेर पडताना ती काउंटरशी थांबली. बुलेट मान खाली घालून टाइप करत होता. प्रिंटरमधून एक पान बाहेर आलं आणि प्रिंटर थांबला.

"अजून एकच?" तिने विचारलं.

"वरून काही लेखी आलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. या वेळी विनोद केला नाही.

चिमणी आता दुसऱ्या पाळणाघरात जाते. तिथल्या काकू हसऱ्या आहेत. धाकटीने पहिल्या दिवशी त्यांना दुधाचं, दाराच्या कडीचं, मुलं झोपतात त्या गादीचं, गॅसच्या नळीचंसुद्धा विचारलं, जसं पूर्वी मावशींना विचारलं होतं. निघताना ती पुन्हा वळली आणि विचारलं, "आणि काकू, तुम्हाला काही दुखणं आहे? रोज काही घेता?" काकू आधी दचकल्या. एवढ्या वर्षांत कुठल्याच आईने त्यांना हे विचारलं नव्हतं. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, आणि धाकटीने ते त्यांच्या लेकाच्या फोनवरही पाठवलं, कारणासकट.

तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमचं मूल, तुमची म्हातारी आई, तुमचं घर सांभाळणारं जे कुणी असेल, 'मला काय धाड भरलीय' असं म्हणून विषय बदलणारं, त्या माणसाकडे आज जा. कोणती गोळी घेता ते विचारा. कशामुळे घेता तेही विचारा. त्यांनी हसून टाळलं तर उठू नका, बसून राहा.